सहली काढून खरंच चार पैसे सुटतात का? (हंपी-बदामी, भिशीच्या बायका, पहिल्यांदाच पैसे घेऊन)

हळदपेठ, सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला आहे. पगार १९,०००. मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, मिस्टरांचं झेरॉक्सचं दुकान, तेही आता कसंबसं चालतंय. गेली सहा वर्षं आमच्या भिशीतल्या आणि गल्लीतल्या बायकांच्या सहली मीच काढते. गणपतीपुळे झालं, अष्टविनायक झालं, अक्कलकोट-गाणगापूर झालं, गेल्या वर्षी गोवा. गाडी मी बघायची, लॉज मी बघायचा, कुणाला गाडी लागते म्हणून पुढची सीट कुणाला, हेही मीच ठरवायचं. पैसे काँट्रीवर, म्हणजे होईल तो खर्च भागिले डोकी.

गोव्याहून आल्यावर हिशेब केला तर माझ्या पदरचे १,८०० गेलेले. आणि त्याच आठवड्यात भिशीत एकीनं हसत हसत विचारलं, “तुला गाडीवाल्याकडून काहीतरी सुटलं असेल ना गं?” त्या रात्री झोप लागली नाही. म्हटलं, बोल लागणारच असेल तर पैसे घेऊन तरी लागू दे.

डिसेंबरात हंपी-बदामी करायचं डोक्यात आहे. ३ रात्री, ४ दिवस, सतरा सीटर ट्रॅव्हलर. माझा हिशेब असा: सगळं मिळून ९०० किमी, २६ रुपयांनी गाडी २३,४००. सोळा जणींत माणशी साधारण १,५००. राहणं, खाणं, तिकिटं माणशी ४,७००. झाले ६,२००. त्यावर माझे ५०० धरून ६,७०० सांगायचे. म्हणजे मला ८,००० सुटतील.

हे बरोबर आहे का? लायसन वगैरे काही लागतं का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, ज्यांच्याकडून आजवर एक रुपया जास्त घेतला नाही त्यांच्याकडे आता पैसे मागायचे कसे?

मस्तमौला

फुकटात फिरायला मिळतंय, वर ८,०००. अजून काय पाहिजे ताई?

पहाटपाच, सातारा

मस्तमौला, एकदा पंधरा बायका घेऊन चार दिवस जाऊन या. पहिल्याच रात्री साडेअकराला तुमच्या खोलीचं दार वाजेल, गीझर चालत नाही म्हणून. मग फुकट फिरण्यावर बोलू.

हळदपेठ ताई, मी पतसंस्थेत नोकरी करते आणि २०१५ पासून वर्षाला तीन, फार तर चार सहली काढते. फक्त बायकांच्या. हंपी-बदामी पाच वेळा केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा हिशेब वाचून पोटात गोळा आला. ६,७०० नं निघालात तर ८,००० सुटणं राहू द्या, वीसेक हजार घालून याल. कसे ते सांगते.

पहिलं म्हणजे गाडी. किलोमीटर ९०० झाले तरी बिल ९०० चं येत नाही. बाहेरगावच्या भाड्याला रोजचे किमान ३०० किमी धरतात. चार दिवस म्हणजे १,२००, गाडी हंपीत दिवसभर झाडाखाली उभी असली तरी. २६ नं ३१,२०० झाले. ड्रायव्हरचा भत्ता रोजचा ५०० धरा, २,०००. टोल, पार्किंग २,८००. गाडीचेच ३६,०००.

दुसरं, गाइड. हंपीत पूर्ण दिवस आणि बदामीत अर्धा, मी मिळून ४,००० धरते. गाइड न घेता हंपी म्हणजे उन्हात दगड बघत फिरणं, तेवढ्यासाठी कुणी येऊ नये.

तिसरं तुम्ही विसरलात, आणि सगळ्याच बायका विसरतात: तुम्ही स्वतः. तुमचं राहणं, जेवण, तिकीट कोण भरणार? ५,००० तुमचे. वर ३,००० अडीअडचणीला. म्हणजे गाडीत एक बाई असो की पंधरा, ४८,००० तुमच्या बोकांडी बसलेलेच आहेत.

आता माणशी खर्च. दोघींत एक खोली १,८०० ची, म्हणजे एकीचे रात्रीचे ९००, तीन रात्रींचे २,७००. खाणं, चहासकट, रोजचे ५०० प्रमाणे २,०००. तिकिटं, बॅटरीवर चालणारी गाडी, किरकोळ मिळून ३००. झाले ५,०००. हे माझे आकडे आहेत, तुमच्या लॉजप्रमाणे शे-दोनशे इकडेतिकडे होतील.

आणि सतरा सीटमध्ये सोळा बायका बसवू नका. एक सीट तुमची, मागच्या बाकड्यावरची एक सामानाला. विकायच्या पंधराच. त्या मागच्या बाकड्यावरसुद्धा पन्नाशीच्या पुढची बाई बसवलीत तर चार दिवस कंबर तिची दुखेल आणि डोकं तुमचं.

माणशी ९,००० घेतले तर खर्च जाऊन एकीमागे ४,००० उरतात. ४८,००० भागिले ४,०००, म्हणजे बारा. बारा बायकांपर्यंत तुम्ही फक्त गाडी, गाइड आणि स्वतःचं पोट भागवताय. तेरावी, चौदावी, पंधरावी, या तिघी तुमची कमाई. १२,०००. हे पाठ करून ठेवा: सतरा सीटरमध्ये आपलं पोट शेवटच्या तीन सीटांवर असतं. पहिल्या बारा सीटा काय, ओळखीवर भरतात. माझे सगळे नियम, जे ऐकून लोक मला खडूस म्हणतात, ते या तीन सीटा राखायला आहेत.

आणि एक जण गळली तर ४,००० च गेले असं समजू नका. तिची खोलीतली जोडीदारीण एकटी राहते, खोलीचं भाडं तेवढंच. ४,००० अधिक २,७००, एकूण ६,७००. तुम्ही जी सहलीची किंमत काढलीत ना, नेमकी तेवढी. त्यामुळे खोलीतल्या दोघी एकदम गळाल्या तर मला एक वेळ परवडतं, दोन वेगवेगळ्या खोल्यांतल्या एकेक गळाल्या तर नाही. शेवटच्या आठवड्यात असं झालं की मी स्वतःच त्या एकटीच्या खोलीत जाते, किंवा तिसरी गादी टाकून देता का म्हणून लॉजवाल्याच्या हातापाया पडते.

म्हणून आगाऊ रक्कम. नाव नोंदवायचं तर ३,००० हातात, त्याशिवाय यादीत नाव नाही. “माझं धर गं, पैसे देते नंतर” म्हणणारीला मी हो म्हणते आणि लिहीत नाही. बाकीचे निघायच्या १५ दिवस आधी. त्यानंतर कुणाला येणं जमलं नाही तर पैसे परत नाहीत, बदली बाई आणावी. या तीन ओळी मी पहिल्याच मेसेजमध्ये टाकते. एकदा टाकल्या नाहीत. एकीच्या जावेचं डोहाळजेवण निघालं, ती आणि तिची बहीण दोघी तीन दिवस आधी गळाल्या, आणि मी पूर्ण पैसे परत केले कारण आधी बोललेच नव्हते. बदामीत पोचेपर्यंत माझी कमाई संपलेली होती.

लॉजवाल्याशीही तसंच लिहून घ्या, किती दिवस आधी रद्द केलं तर किती परत. त्याची तारीख आणि तुमची तारीख एकमेकींना धरून पाहिजे. तो १० दिवस आधीपर्यंत परत देत असेल तर तुम्ही बायकांना ५ दिवस सांगून कसं चालेल?

ओळखीच्यांकडे पैसे मागायचे कसे, याचं उत्तर सोपं आहे पण तोंडातून निघत नाही. मी पहिल्यांदा भिशीत उभी राहून सांगितलं, “यापुढे सहल मी मानधन घेऊन करणार. ज्यांना काँट्रीवर करायची त्यांनी जरूर करावी, गाडीवाल्याचा नंबर मी देते.” दोघी उठून गेल्या, त्यांनी खरंच स्वतः काढली, महाबळेश्वरला. पुढच्या वर्षी दोघी माझ्या गाडीत होत्या. एकच दर, सगळ्यांना. सख्ख्या वहिनीलाही ९,०००. आणि खर्चाची फोड कुणाला दाखवू नका. एकदा दाखवलीत की खोलीच्या १,८०० वर कुणी बोलत नाही, तुमच्या माणशी ८०० वर (१२,००० भागिले पंधरा) सगळ्या बोलतात. वाणी तुरीचा खरेदीभाव सांगून डाळ विकतो का?

आता तो “गाडीवाल्याकडून सुटतं का” प्रश्न. सुटू शकतं. लॉज, जेवणाचं ठिकाण, दुकान, सगळीकडे बायकांचा घोळका बघून लगेच बाजूला घेऊन विचारतात. बदामीजवळ गुळेदगुड्ड आहे, खणांचं गाव. आपल्या चोळीचे खण तिथे विणतात. इरकलीचं इलकलही त्याच जिल्ह्यात. मी खणांसाठी दीड तास ठेवतेच, बायकांना तो दीड तास देवळांपेक्षा जास्त आठवतो. तिथे एका दुकानदारानं मला शंभराला दहा देऊ केले होते. नको म्हटलं, ते काही मी फार साधूसंत म्हणून नव्हे. बायका घरी गेल्यावर भाव विचारतात. तोच खण पेठेत ४० रुपयांनी स्वस्त निघाला तर माझी पंधरावी सीट पुढच्या वर्षी रिकामी. त्यापेक्षा तेच दहा टक्के यांना कमी करा म्हटलं. केले त्यानं.

सहलीचं म्हणाल तर डिसेंबरात कर्नाटकातल्या शाळांच्या सहली हंपीत उतरतात. विजय विठ्ठल मंदिरापाशी बॅटरी गाडीला रांग लागते, म्हणून सकाळी पहिलं ते करा. तिथला दगडी रथ ५० च्या नोटेवर आहे, सगळ्या नोट धरून फोटो काढणार, त्याला अर्धा तास धरा. तिथलं तिकीट टाकून देऊ नका, त्याच दिवशी कमळ महालाकडे तेच चालतं. कमलापूरचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. नाताळचा आठवडा टाळा, खोल्यांचे भाव वाढतात.

बदामीत चार लेणी, पायऱ्या बऱ्याच आहेत, आणि माकडं! केळ्यांची पिशवी हातात घेऊन कुणालाही वर सोडू नका. पाचांपैकी तीन वेळा आमची पिशवी गेली आहे. बनशंकरी तर आपल्याकडच्या कितीतरी घरांची कुलदेवी, ओटीचं सामान बायका घरूनच आणतात. देवळाच्या आवारात बाया पाट्यांतून ज्वारीची भाकरी, भाजी, मडक्यातलं दही विकायला बसतात. त्या दुपारचं जेवण मी तिथेच धरते, हॉटेलपेक्षा स्वस्त आणि तोंडाला चव येणारं. मात्र पौष पौर्णिमेच्या जत्रेच्या सुमाराला जाऊ नका, खोली मिळणार नाही.

ऐहोळेला मेगुती टेकडीवर चढून जायचंय, अर्ध्या जणी खालीच बसतात. ज्या वर येतात त्यांना मी तिथला इ.स. ६३४ चा शिलालेख दाखवते. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, त्याची त्यात स्तुती आहे, आणि त्यात तीन महाराष्ट्रकांची, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांची, ९९,००० गावं त्याच्या सत्तेखाली असल्याचं म्हटलंय. “म्हणजे आपलं सातारा पण त्यात असेल का हो?” असं एकीनं विचारलं होतं. मला अजून उत्तर सुचलेलं नाही. पण हे असलं काही सांगता येणं, याचेच लोक मला पैसे देतात. गाडी आणि खोली काय, आता कुणाचा भाचाही फोनवर बुक करून देतो.

एक शेवटचं. निघायच्या आधी प्रत्येकीकडून एका कागदावर घ्या: कुठल्या गोळ्या, कशाची अॅलर्जी, घरच्या कुणाचा नंबर. विठ्ठल मंदिरात एकीची साखर उतरली होती. घामाघूम, बोलता येईना. तिला मधुमेह आहे हे तिच्या मैत्रिणीलाही माहीत नव्हतं, पण माझ्या कागदावर होतं. ग्लुकोज पाजलं, होस्पेट १३ किमीवर आहे, तिथे डॉक्टरला दाखवलं. ते अडीअडचणीचे ३,००० अशा वेळी लागतात.

हळदपेठ, सांगली

पहाटपाच ताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं, मग वही घेऊन बसले. दिवसभर दुसऱ्याच्या वजनाची कट्टी-कसर काढते आणि स्वतःचं जेवण धरायला विसरले. करोनात तुमचं काय झालं होतं? तशी वेळ आली तर काय करायचं ही भीती आहे.

पहाटपाच, सातारा

ते नका विचारू. आमची सहल २० मार्च २०२० ला निघायची होती, कोकणात. पंधरा जणींचे मिळून ७०,००० माझ्याकडे. २२ ला जनता कर्फ्यू आणि मग टाळेबंदी. मी १८ लाच रद्द केली. लॉजवाल्याला ११,००० दिले होते, ते परत आले नाहीत. त्याचाही धंदा बुडालेला, मी भांडले नाही. नियमाप्रमाणे मलाही पैसे परत द्यायचे नव्हते, पंधरा दिवसांची मुदत उलटून गेली होती. पण तो नियम गळणारीसाठी आहे, सहलच गेली नाही त्यासाठी नव्हे. चार महिन्यांत हप्त्याहप्त्यानं सगळीचे सगळे दिले. पगार अर्धा येत होता तेव्हा.

एक मात्र तेव्हापासून केलंय: सहलीचे पैसे वेगळ्या खात्यात. घरखर्चाच्या खात्यात पडले की ते आपलेच वाटायला लागतात.

सतरासीटर, मिरज

ताई मी मिरजंचा. स्वतःची सतरा सीटर हाय, ११ वर्षं झाली. सातारच्या ताईंनी किलोमीटरचं बरोबर सांगितलंय. त्यात अजून एक, मोजणी गाडी आमच्या दारातनं सुटल्यापासनं परत दारात येईपर्यंत. तुमच्या दारापासनं न्हाई. आधी बोलून घ्या, शेवटच्या दिवशी दारात उभं राहून भांडू नका.

पांढऱ्या पाटीची गाडी अजिबात घेऊ नका. कुणीतरी भेटतंयच, माझ्या पाव्हण्याची गाडी हाय, तीन हजारनं स्वस्त देतो म्हणून. भाडं घेऊन माणसं न्यायला पिवळी पाटी लागती. वाटंत काय झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करतोय आणि पंधरा घरची माणसं तुमच्या दारात येत्यात, पाव्हण्याच्या न्हाई. ऑल इंडिया परवाना हाय का ते इचारा, कागद बघा. नसला तर कर्नाटकात शिरताना टॅक्स भराय लागतोय, आणि त्यो कुणी भरायचा ह्यावरनं सीमेवर गाडी उभी करून वाद घालणारी माणसं मी बघितल्यात.

आणि ड्रायव्हरला झोपायला जागा द्या. बायका अकराला जेवून झोपत्यात, ड्रायव्हर गाडीत डास मारत बसतोय, आणि पुन्हा पहाटे पाचला निघायचं म्हणत्यात. (पहाटपाच ताई, तुमास्नी न्हाई म्हणत.) लॉज ठरवतानाच ड्रायव्हरची खाट इचारून घ्या, लई ठिकाणी फुकट देत्यात. रात्रीचा प्रवास ठेवू नका. एक मुक्काम वाचवायला लोक रात्रभर गाडी पळवाय लावत्यात. मी आता न्हाईच म्हणतो.

भाव पाडून मागू नका एवढंच. २६ चं २२ कराय लावलं की टायर गुळगुळीत असलेली गाडी येती.

पहाटपाच, सातारा

माझा ड्रायव्हर खोलीत झोपतो हो दादा, आणि निघतो आम्ही सहाला. नाव नुसतं धाक दाखवायला आहे, पाच म्हटलं तर सहाला जमतात.

वजाबाकी

कागदपत्रांचा प्रश्न राहिला, त्याबद्दल. मी करसल्लागाराकडे काम करतो.

एवढ्या लहान प्रमाणावर सुरू करायला मोठं लायसन लागत नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे, कामगार नसतील किंवा मोजकेच असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. तिची पावती चालू खातं उघडायला उपयोगी पडते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका.

जीएसटी: सेवेसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर आपल्या राज्यात नोंदणीची सक्ती नाही. पण इथे लोक फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. उलाढाल म्हणजे तुमचे सुटलेले १२,००० नव्हेत, बायकांकडून जमा केलेले पूर्ण १,३५,०००. अशा चौदा सहली वर्षात केल्यात तर १८,९०,०००, पंधरावीला २०,२५,०००, म्हणजे मर्यादा ओलांडली. पुढे सहल आयोजकाला ५ टक्के, आणि लॉजच्या बिलात भरलेला कर त्यातून वजा मिळत नाही. वर्षाला तीन-चार सहलींना हा प्रश्न येत नाही, पण वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

आयकर: पगारासोबत हे धंद्याचं उत्पन्न आलं की पगारदारांचा साधा पहिल्या क्रमांकाचा फॉर्म चालत नाही, तिसरा किंवा चौथा भरावा लागतो. यूपीआयवर आलेले १,३५,००० बँकेला दिसतात, खर्चाच्या पावत्या तुमच्याकडे हव्यात. बनशंकरीच्या भाकरीची पावती मिळणार नाही, तिथे तारीख घालून स्वतःच्या सहीचा कागद ठेवा.

कुणी सरकारी नोकरीतलं हे वाचत असेल तर: महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९, नियम १६. परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. बायकोच्या नावावर करून स्वतः गिऱ्हाइकं गोळा करणं ही पळवाटही त्यातून सुटत नाही.

तिकीटबारी

गाडीचा एवढा खर्च कशाला? कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया मिरजेवरून थेट होस्पेटला जाते. स्लीपरनं न्या, तिथे स्थानिक गाडी करा. आपल्या आयडीवरून तिकिटं काढायची, माणशी शंभर-दोनशे वर लावायचे. मी करून बसलोय.

वजाबाकी

रेल्वेनं जाण्याची कल्पना चांगली आहे. शेवटचं वाक्य मात्र खोडून टाका. रेल्वे कायदा १९८९, कलम १४३: अधिकृत एजंट नसताना तिकिटं मिळवून देण्याचा धंदा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ई-तिकिटालाही ते लागू आहे, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. प्रत्येकीनं आपलं तिकीट आपल्या आयडीवरून काढावं किंवा अधिकृत एजंटाकडून घ्यावं.

पहाटपाच, सातारा

आणि आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. पूर्वी १२० होते तेव्हा मी रेल्वेनं न्यायचे. आता ६० व्या दिवशी सकाळी आठला पंधरा जणींनी आपापल्या फोनवर बसायचं, त्यातल्या चौघींना प्रतीक्षा यादी मिळाली की चारही सीटा हलल्या. नको ते.

उधाण

मी पुरुष, ऑफिसातल्या लोकांना घेऊन एकदाच केलं. मालवण, जूनचा पहिला आठवडा, लॉज निम्म्या भावात मिळाला म्हणून खूश. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात हे तिथे किनाऱ्यावर उभं राहिल्यावर कळलं. तारकर्लीचं स्कूबाही बंद. २२ माणसं, समोर किल्ला, मध्ये पाणी. जाहिरातीत दोन्ही लिहिलं होतं, म्हणून माणशी पैसे परत केले, १४,००० गेले. लॉज स्वस्त मिळाला की का मिळाला हे विचारावं, एवढं शिकलो. परत केलं नाही.

हळदपेठ, सांगली

(तीन आठवड्यांनी)

कळवायचं राहिलं होतं. भिशीत उभी राहिले. पाय लटपटत होते. ९,००० म्हटल्यावर एकदम शांतता. मग एक जण म्हणाली, “एवढे?” मी म्हटलं, “हो, त्यात माझं मानधन आहे.” गोव्यानंतर तो प्रश्न विचारणारी होती ना, तिनंच सगळ्यात आधी ३,००० दिले! तिघी नाही म्हणाल्या, त्या स्वतः गणपतीपुळ्याला जाणार आहेत, त्यांना गाडीवाल्याचा नंबर दिला.

काल पंधरा दिवसांची मुदत संपली. तेरा जणींचे पूर्ण पैसे वेगळ्या खात्यात आहेत. म्हणजे तुमच्या हिशेबानं आत्ता माझे ४,०००. आमच्या हळदवाल्या शेठनी दोन दिवसांची सुट्टी दिली, बाकीचे दोन शनिवार-रविवार. सतरासीटर दादांशी बोलणं झालंय, गाडी त्यांचीच. २६ चे २५ सुद्धा म्हटले नाही.

कमलापूरला कर्नाटक पर्यटन महामंडळाच्या हॉटेलात खोल्या मिळाल्या, बदामीत खासगी लॉज. तेरा आणि मी, सात खोल्या बरोबर बसल्या. पहिल्या खोलीत नणंद-भावजय, दुसरीत दोघी शेजारणी, तिसरीत...

पहाटपाच, सातारा

थांबा. नणंद-भावजय एका खोलीत? कुणी मागितलं होतं का तसं?

हळदपेठ, सांगली

नाही, मला वाटलं घरच्याच आहेत, बरं पडेल.

पहाटपाच, सातारा

दोघींना वेगवेगळा फोन करून विचारा. एकीसमोर दुसरीला नको.

हळदपेठ, सांगली

केला. दोघींनीही, “तुझ्याबरोबर चालेल का गं?” म्हणून विचारलं. आता माझ्या खोलीत कुणाला घेऊ?

सतरासीटर, मिरज

ताई, ड्रायव्हरची खाट तेवढी हलवू नका.